महूच्या छावणीतून दक्षिण ध्रुवाकडे: कॅप्टन ओट्स, त्याची तट्टं आणि एक साधा गुणाकार

इंदूरजवळचं महू आपल्याला ठाऊक असतं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव म्हणून. १८१८ साली मंदसौरच्या तहात होळकरांना इंग्रजांपुढे माघार घ्यावी लागली आणि त्यानंतर इथे लष्कराची छावणी वसली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथल्या लष्करी शाळेत होते. बाबासाहेबांच्या जन्मानंतर एकोणीस वर्षांनी, म्हणजे १९१० साली, याच छावणीतल्या घोडदळाच्या एका कॅप्टनने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी अर्ज केला. नाव लॉरेन्स ओट्स, पलटण सहावी इनिस्किलिंग ड्रगून्स.

ओट्सचं नाव जगाला माहीत आहे ते त्याच्या शेवटच्या वाक्यामुळे. त्याच्या आधीच्या बत्तीस वर्षांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि ते मला नेहमी खटकतं. हा माणूस जनावरांचा जाणकार होता. मोहिमेत कुठे काय चुकतंय ते त्याला इतरांच्या बरंच आधी दिसलं होतं. ती चूक नेमकी कोणती आणि बर्फावर माणसाचं व जनावराचं शरीर कसं वागतं हे समजलं, की त्याचं ते वाक्यही वेगळं ऐकू येतं.

मांडीतली गोळी

ओट्सचा जन्म १७ मार्च १८८० चा, लंडनजवळच्या पटनीतला. घराणं जमीनदार, एसेक्समधल्या गेस्टिंगथॉर्प गावात मोठा वाडा. वडील लवकर गेले. ईटनच्या शाळेत गेला खरा, पण प्रकृतीमुळे तिथे दोन वर्षंही काढली नाहीत. अभ्यासात तो कधी रमला नाही, जीव सगळा घोड्यांत. १९०० साली घोडदळात अधिकारी झाला आणि दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर गेला.

मार्च १९०१ मध्ये केप कॉलनीतल्या ॲबरडीन गावाजवळ त्याची छोटी तुकडी बोअरांच्या कचाट्यात सापडली. शरण या, असा निरोप दोनदा आला. आम्ही लढायला आलोय, शरण यायला नाही, असं त्याचं उत्तर गेलं. त्या चकमकीत गोळीने त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. हाड सांधलं, पण तो पाय उजव्यापेक्षा इंचभर आखूड राहिला. व्हिक्टोरिया क्रॉससाठी नावाची शिफारस झाली होती, तो मिळाला नाही. पुढे आयर्लंड, इजिप्त आणि मग महू. ही मांडीची जखम लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

शांततेच्या काळातल्या छावणीत घोडेस्वाराला फारसं काम नसतं. घोडे दौडवणं, शिकार, कवायत, मेसमधलं जेवण. तिशीला आलेला माणूस कंटाळला असणार. कॅप्टन स्कॉट ‘टेरा नोव्हा’ जहाज घेऊन दक्षिण ध्रुवावर निघतोय, ही बातमी तेव्हा इंग्रजी राज्यात सगळीकडे पोचली होती. जवळपास ८००० लोकांनी अर्ज केले. ओट्सला घोड्यांचं ज्ञान होतं, आणि त्याने मोहिमेच्या निधीत १००० पौंड घातले. त्या काळी ही मोठी रक्कम होती. निवड झाली. जहाजावर नौदलाच्या माणसांत हा एकटा लष्करवाला, म्हणून सगळे त्याला ‘सोल्जर’ म्हणू लागले. दुसरं लाडकं नाव ‘टायटस’.

ध्रुवावर घोडे का चालत नाहीत

स्कॉटने स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्या, ओढायला तीन गोष्टी घेतल्या होत्या: मोटारस्लेज, कुत्री आणि तट्टं. खरी भिस्त तट्टांवर होती. खरेदी मांचुरियात झाली, पण ती ओट्सने केली नाही. कुत्र्यांची पारख असलेल्या दुसऱ्याच माणसाला पाठवलं गेलं, आणि त्याला सांगितलं होतं की शक्यतो पांढरीच तट्टं घे, कारण शॅकल्टनच्या आधीच्या मोहिमेत गडद रंगाची आधी मेली होती. रंग बघून जनावर घेतल्यावर जे व्हायचं तेच झालं. न्यूझीलंडमध्ये ओट्सने ती एकोणीस तट्टं पहिल्यांदा पाहिली आणि हताश झाला. कुणी म्हातारं, कुणी लंगडं, कुणाला धाप. इतकी मोडकी जनावरं एका जागी आपण कधी पाहिली नव्हती, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. चाराही कमी घेतला होता, तो त्याने स्वतःच्या पैशाने जास्तीचा भरला.

जनावरं धडधाकट असती तरी प्रश्न सुटला नसता. घोडा अंगभर घामेजतो. उणे वीस अंशांत तो घाम अंगावरच गोठतो आणि जनावर थांबलं की बर्फाच्या घोंगडीत गुंडाळल्यासारखं होतं. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं, त्याची उष्णता तशी बाहेर पडते, केस कोरडे राहतात. घोड्याचं सगळं वजन चार लहान खुरांवर येतं, त्यामुळे भुसभुशीत बर्फात तो पोटापर्यंत रुततो. हलकं कुत्रं वरच्यावर पळतं. तिसरी गोष्ट पोटाची. ध्रुवाच्या त्या वाटेवर गवताची काडी उगवत नाही. तट्टाचा प्रत्येक तोबरा तट्टालाच ओढून न्यावा लागतो. कुत्र्याला किनाऱ्यावरच्या सीलचं मांस चालतं, आणि वेळ आली तर मेलेल्या कुत्र्याचंही. त्याच वेळी ध्रुवाकडे निघालेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनचा हिशेब याच क्रूर सोयीवर उभा होता. तो ५२ कुत्री घेऊन निघाला आणि ११ घेऊन परतला.

ओट्स मात्र त्या तट्टांशी इमानाने वागला. डिसेंबर १९१० च्या सुरुवातीला दक्षिण महासागरातल्या वादळात जहाज उलटायला आलं होतं, तेव्हा तो तासन्‌तास त्यांच्या ठाणात उभा राहून पडणाऱ्या तट्टांना अंगाच्या जोराने उभं करत होता. दोन गेली, सतरा वाचली. केप एव्हान्सच्या तळावर हिवाळ्यात चार महिने सूर्य उगवला नाही. त्या अंधारात झोपडीला लागून असलेल्या पागेत सीलच्या चरबीची शेगडी पेटवून तो बसलेला असे. चंदी शिजवायची, पाय तपासायचे, अंगावरच्या उवा मारायच्या. सोबतीला ॲन्टन ओमेलचेन्को नावाचा मोतद्दार.

क्रिस्टोफर नावाचं सगळ्यांत दुष्ट तट्टू त्याने स्वतःकडे घेतलं. त्याला स्लेजला जुंपायचं म्हणजे रोजची कुस्तीच. पुढचा एक पाय दोरीने वर बांधायचा, खाली पाडायचं, डोक्यावर बसायचं, तशा अवस्थेत साज चढवायचा आणि तीन पायांवर उभं करून निघायचं. एकदा चालू लागलं की थांबवायची सोय नाही, कारण पुन्हा जुंपता आलं नसतं. म्हणून त्याच्याबरोबरची माणसं दुपारचं खाणं सोडून एका दमात दिवसाची मजल मारत.

ओट्सचंही एका बाबतीत चुकलं. घोड्यांच्या पायात घालायच्या बांबूच्या बर्फपट्ट्यांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि वाटेवर साठे ठेवायच्या पहिल्या फेरीत त्या जवळजवळ सगळ्या तळावरच राहिल्या. जी एक जोडी सोबत होती, ती एका तट्टाला बांधून पाहिली तर ते एकदम सहज चालू लागलं. घोडदळातल्या अनुभवाला इथे मर्यादा होती.

सत्तावन्न किलोमीटर

तळापासून ध्रुव साधारण १४०० किलोमीटर. इतकं अन्न एका वेळी ओढून नेता येत नाही. म्हणून आदल्या उन्हाळ्यात वाटेवर ठिकठिकाणी शिधा आणि इंधन पुरून ठेवायचं, वर खूण म्हणून बर्फाचा ढीग आणि झेंडा. परतताना एका साठ्यापासून दुसऱ्या साठ्यापर्यंत पुरेल एवढंच जवळ ठेवायचं. सगळ्यांत मोठा साठा, ‘वन टन डेपो’, ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचा बेत होता.

फेब्रुवारी १९११ मध्ये त्या वाटेवर तट्टं थकली. ओट्सचं म्हणणं सरळ होतं. ही कमजोर जनावरं तशीही जगणार नाहीत. त्यांना पुढे हाकू, जिथे पडतील तिथे मारू, मांस साठ्यात ठेवू आणि डेपो ठरल्या जागी नेऊ. स्कॉटला जनावरांचे हाल बघवेनात. त्याने डेपो ७९ अंश २९ मिनिटांवरच ठेवला, म्हणजे ठरल्या जागेच्या ५७ किलोमीटर अलीकडे. सर, माझा सल्ला ऐकला नाहीत याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल, असं ओट्स म्हणाल्याचं मोहिमेतल्या नॉर्वेजियन ग्रानने सांगितलं आहे. तट्टं तरीही वाचली नाहीत. या फेरीला गेलेल्या आठांपैकी दोनच परतली. काही थकून मेली, काही तुटलेल्या समुद्रबर्फावर अडकून गेली.

स्कॉटला मी निर्दय किंवा मूर्ख म्हणणार नाही. त्याने कणव दाखवली. पण घोडदळातल्या अधिकाऱ्याला जनावराचं दुःख स्कॉटपेक्षा कमी कळत होतं असं कुणी समजू नये. रात्रभर पागेत बसणारा तोच होता. आईला लिहिलेल्या पत्रांत त्याने स्कॉटबद्दलची नाराजी मोकळेपणाने लिहिली आहे. तळावर मात्र तो हुकूम पाळत राहिला. सैनिकाची ही सवय त्याच्या हाडात मुरलेली होती.

ध्रुवापर्यंत, आणि पाच माणसं

१ नोव्हेंबर १९११ ला तट्टं निघाली. जास्त थंडी त्यांना सोसत नाही म्हणून इतका उशीर. अमुंडसेन दहा-बारा दिवस आधीच सुटला होता. मोटारी लवकरच बंद पडल्या. रोज मुक्कामावर माणसांनी आधी तट्टांसाठी बर्फाच्या आडभिंती बांधायच्या, मग स्वतःचं बघायचं. ९ डिसेंबरला बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी उरलेल्या तट्टांना गोळ्या घातल्या. ती मोडकी जनावरं ओट्सने तिथवर आणून दाखवली होती, आणि स्कॉटने त्याबद्दल त्याचे आभार मानले.

तिथून पुढे माणसांनीच स्लेज ओढायच्या. शेवटच्या टप्प्यावर चौघं जाणार होते. तंबू, स्टोव्ह, शिध्याच्या पिशव्या सगळं चौघांच्या मापाचं. ४ जानेवारी १९१२ ला स्कॉटने पाच माणसं नेली: तो स्वतः, डॉ. विल्सन, बॉवर्स, एडगर एव्हान्स आणि ओट्स. इंचभर आखूड पायाच्या ओट्सने तोवर शेकडो किलोमीटर ओढ काढली होती. १७ जानेवारीला ते ध्रुवावर पोचले, तेव्हा अमुंडसेन येऊन गेल्याला ३४ दिवस झाले होते.

परतीच्या वाटेवर शरीरात काय घडत होतं

माणसी रोजचा शिधा साधारण ९७५ ग्रॅम: ४५० ग्रॅम बिस्किटं, ३४० ग्रॅम पेमिकन म्हणजे वाळवलेलं मांस आणि चरबी, थोडं लोणी, साखर, कोको, चहा. यातून सुमारे ४५०० कॅलरी मिळतात. स्लेज ओढणाऱ्याला ६००० किंवा त्याहूनही जास्त लागतात. तूट शरीर स्वतःच्या चरबीतून आणि मग स्नायूंतून भरतं. माणूस रोज थोडा झिजतो आणि झिजल्यावर त्याला थंडी जास्त लागते.

या शिध्यात क जीवनसत्त्व नव्हतं. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दच १९१२ साली तयार झाला, त्यामुळे त्यांना हे कळायचा मार्गही नव्हता. हे जीवनसत्त्व कोलॅजेन तयार करायला लागतं. कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि जखमेचा व्रण सांधून धरणारा तो तंतू. व्रण बाहेरून कायमचा बरा झालेला वाटला तरी आतली डागडुजी आयुष्यभर चालू असते. क जीवनसत्त्व संपलं की जुन्या जखमाही उकलू लागतात. या परतीच्या वाटेवर कुणाला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाल्याचा उल्लेख स्कॉटच्या डायरीत नाही. पण त्यांच्या आधी परत फिरलेल्या तुकडीतला लेफ्टनंट टेडी एव्हान्स (एडगर एव्हान्स वेगळा) स्कर्व्हीने मरता मरता वाचला, आणि शिधा तर सारखाच होता. म्हणूनच ओट्सच्या मांडीतल्या जखमेनेही डोकं वर काढलं असावं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

मग मार्चची थंडी. पारा उणे ४० च्या जवळ जाऊ लागला. अशा थंडीत बर्फ निसरडा राहत नाही. स्लेज घसरते ती घर्षणाने बर्फाचा अगदी पातळ थर वितळून ओलसर होतो म्हणून. फार थंडीत तो थर तयारच होत नाही. बर्फाचे कण वाळूसारखे खरखरीत होतात आणि स्लेज जणू वाळवंटातून ओढावी लागते. साठ्यांमध्ये रॉकेलही ठरल्यापेक्षा कमी निघालं. डब्यांच्या बुचांखालच्या चामड्याच्या चकत्या थंडीने आकसल्या होत्या आणि रॉकेल उडून गेलं होतं. रॉकेल नाही म्हणजे नुसती ऊब नाही असं नव्हे. बर्फ वितळवल्याशिवाय तिथे प्यायला पाण्याचा थेंब मिळत नाही.

एडगर एव्हान्स १७ फेब्रुवारीला गेला. २ मार्चला ओट्सने आपली पावलं साथीदारांना दाखवली. बोटं फार बिघडली होती. थंडीत शरीर मेंदू आणि हृदय वाचवायला हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, आणि बोटांतलं पाणी गोठतं. तेवढ्यावर भागलं नाही. रात्री झोपण्याच्या पिशवीत पाय थोडे ऊबेला आले की गोठलेला भाग सैल होऊन सुजायचा, वेदना तेव्हा सगळ्यांत जास्त. सकाळी त्याच सुजलेल्या पायावर गोठलेलं पादत्राण चढवायचं आणि तो पुन्हा गोठायचा. असं रोज. नुसतं पायात घालून उभं राहायला तासाहून जास्त वेळ जायचा, आणि तो संपेपर्यंत बाकीचे थांबून राहायचे.

सहा गुणिले सात

११ मार्चला स्कॉटने डायरीत हिशेब मांडला. सात दिवसांचं अन्न उरलंय. वन टन डेपो ५५ मैलांवर आहे. रोज सहा मैलांपेक्षा जास्त होत नाही. सहा सत्ते बेचाळीस, म्हणजे तेरा मैल कमी पडणार. हे सागरी मैल, एक मैल सुमारे १.८५ किलोमीटरचा. त्याच दिवशी स्कॉटने डॉ. विल्सनकडून प्रत्येकाला अफूच्या तीस-तीस गोळ्या द्यायला लावल्या, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा शेवट करता यावा म्हणून.

हा गुणाकार करायला ओट्सला गणित यायची गरज नव्हती. रोजचे मैल कुणाच्या पायांमुळे कमी होताहेत हे त्याला दिसत होतं. मला माझ्या पिशवीतच सोडून पुढे जा, असं त्याने सांगून पाहिलं. तिघांनी ऐकलं नाही, आणि तो आणखी काही मैल त्यांच्याबरोबर चालला. त्या रात्री तो झोपला तो सकाळी जाग येऊ नये या आशेने. पण जाग आली. बाहेर बर्फाचं वादळ सुरू होतं.

“मी जरा बाहेर जाऊन येतो. थोडा वेळ लागेल.”

तो गेला. आपण त्याला थोपवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या मनात काय आहे ते आम्हाला माहीत होतं, असं स्कॉटने लिहिलं. तारखेचा त्याचाही गोंधळ झालेला, १६ की १७ मार्च. १७ असेल तर तो ओट्सचा बत्तिसावा वाढदिवस. हे शब्द आपल्यापर्यंत आले ते एकट्या स्कॉटच्या डायरीतून, म्हणून काहींना शंका येते. पण डॉ. विल्सननेही मरण्याआधी ओट्सच्या आईला पत्र लिहिलं आणि तिचा मुलगा सैनिकासारखा, कसलीही तक्रार न करता गेला असं कळवलं. माझा त्या वाक्यावर विश्वास बसतो तो ते इतकं साधं आहे म्हणून. अफूच्या गोळ्या खिशात असतानाही त्याने हा मार्ग घेतला. गोळ्या घेतल्या असत्या तर तंबूत त्याच्या उशाशी तिघं बसून राहिले असते, आणि तो वेळ त्यांच्याजवळ नव्हता.

तिघं पुढे निघाले. वन टन डेपो ११ मैलांवर, म्हणजे सुमारे २० किलोमीटरवर असताना पुन्हा वादळ आलं आणि ते तंबूतच राहिले. तो शेवटचा मुक्काम ७९ अंश ४० मिनिटांवर होता. डेपो ८० अंशावर ठेवला असता, तर तो त्यांच्या वाटेवर आधीच येऊन गेला असता.

सात भारतीय खेचरं

ही शेवटची गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा खरी वाटली नव्हती. पहिल्या वर्षी ध्रुव गाठता आला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तट्टांऐवजी हिमालयात ओझी वाहणारी लष्करी खेचरं आणावीत, असं ओट्सने सुचवलं होतं. स्कॉटने भारत सरकारला तसं लिहिलं. १९१२ च्या सुरुवातीला ‘टेरा नोव्हा’ जहाज सात खेचरं घेऊन केप एव्हान्सला पोचलं. नावं होती लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब. शिकवून तयार केलेली, अंगावर जाड झुली, डोळ्यांना उन्हाच्या झापडी. चंदी सोडून बाकी सगळं खायची त्यांना हौस: चहाचा चोथा, दोरखंड, तंबाखूची राख. खेचरं मागवणारा ओट्स तेव्हा ध्रुवावरून परतत होता.

हिवाळा संपल्यावर ही खेचरं शोधपथकाच्या स्लेज ओढत दक्षिणेला निघाली, आणि १२ नोव्हेंबर १९१२ ला त्या पथकाला बर्फात जवळजवळ बुडालेला तंबू दिसला. आत स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स. पथकाने तंबू त्यांच्यावर मिटवला, वर बर्फाचा ढीग रचला आणि ओट्सला शोधायला तसंच पुढे गेलं. तो सापडला नाही. जिथे तो गेला असावा तिथे त्यांनी एक ढीग आणि एक क्रूस उभारला आणि कागदावर लिहून ठेवलं की एक अत्यंत शूर आणि सभ्य माणूस, इनिस्किलिंग ड्रगून्सचा कॅप्टन ओट्स, याच्या आसपास मरण पावला.

त्या शोधात त्यांना ओट्सची झोपण्याची पिशवी सापडली. पुढे गेलेल्या तिघांनी ती काही काळ बरोबर ओढून नेली होती आणि मग टाकून दिली होती. पिशवीत त्याची रेनडिअरच्या कातड्याची पादत्राणं होती. त्यांतलं एक पुढच्या बाजूने उभं चिरलेलं होतं, सुजलेलं पाऊल आत जावं म्हणून.